जमिनीची सोय

४ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी मला हे सांग, माझ्या भावाबरोबर तू इतकी वर्षं संसार कसा केलास?

फोनच करणार होते. पण तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस तेव्हापासून तुझा हुकूम आहे ना, की आत्याबाईंचा फोन आला की बाळ दचकून उठतं. आता माझ्या आवाजाला मी काय करू? वर्गभर पोरींचे पाय आपटत असताना त्या आवाजावरून तो पोचवायचा, असा जन्म गेला. म्हणून पत्र. बाळंतीण झोपू दे, नव्या आजीने वाचावं.

छापखान्याच्या वरची आपली नाचाच्या तालमीची खोली उन्हाळ्याआधी सोडायची आहे. मालकाला ती हवी आहे. संस्थेच्या समितीने नवी जागा पाहिली, एक जुनं गोदाम. मोठं आहे, उजेड आहे, मध्ये खांब नाहीत. फक्त जमीन सिमेंटची. मी म्हटलं, चालेल, पण वर लाकूड घालायचं. खाली पट्ट्या, पट्ट्यांखाली रबर, वर फळ्या. पाय आपटला की अशी जमीन जराशी दबते आणि परत वर येते. सिमेंट दबत नाही. मग दबतं ते हाड. आमच्या नाचात गुडघे वाकवून अर्धं बसायचं आणि तळवा जमिनीवर मारायचा, हे पहिल्या दिवसापासून. मी सिमेंटवर शिकले आणि सिमेंटवर शिकवलं, आणि आता मी जिना चढते तेव्हा माझे गुडघे माझ्याआधी बोलतात. पोरींचे बोलायला नकोत. एवढंच मागणं आहे माझं. पडदे नकोत, आरसे नकोत, खुर्च्या नकोत. लाकडी जमीन.

समितीचा अध्यक्ष कोण? आमचे दादा. त्यांनी ठरवलं, निधीसाठी मोठं स्नेहभोजन करायचं. गोल टेबलं, पांढरे टेबलक्लॉथ, शहरातले सगळे देणारे हात. आणि लोक सूप पीत असताना पोरी नाचणार! मी म्हटलं, "दादा, नाच म्हणजे तोंडी लावणं नव्हे." तर म्हणतो कसा, "अगं, सूपच तर आहे. सूप चावायचा आवाज येत नाही."

तू त्याच्याशी बोल. मी बोलले तर भांडण होतं, तू बोललीस तर त्याला तो स्वतःचाच विचार वाटतो.

तुझी,
(रागावलेली) नणंद


११ फेब्रुवारी

प्रिय, आणि या क्षणी अप्रिय भाषेत बोलत असलेल्या वन्सं,

रौद्र रसाचा स्थायीभाव क्रोध, हे मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. मुलं उदाहरण मागायची, तेव्हा पुस्तकातलं द्यावं लागायचं, कारण घरातलं द्यायची सोय नव्हती. बाकी भाव येतात आणि जातात. तुमच्याकडे हा एक कायमचा वस्तीला आहे, आणि भाडंही देत नाही.

तुमच्या बंधुराजांशी बोलले. सूप रद्द. म्हणजे सूप आहे, पण नाचानंतर. मी त्यांना एवढंच म्हटलं की जेवलेला माणूस पेंगतो आणि भुकेला माणूस मंचावरून नजर हलवत नाही, कारण हे संपल्याशिवाय ते येणार नाही हे त्याला ठाऊक असतं. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला, "मला एक कल्पना सुचली आहे, नाच आधी ठेवू या." मी म्हटलं, वा! तुम्हाला बरं सुचतं.

लाकडी जमिनीचं त्यांना समजावून सांगायची गरजच नाही, वन्सं. माडीवरची त्यांची खोली आठवते ना? फरशीवर टाचा दुखतात म्हणून सुतार बोलावून लाकूड घालून घेतलं, आणि आल्यागेल्याला चप्पल काढायला लावून त्यावर चालवलं. घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलेलं, पण त्या खोलीचे महाराज ते. ज्याची टाच दुखली त्याला दुसऱ्याचा गुडघा कळतो. शिवाय ते स्वतःच म्हणाले, "जमिनीची सोय झालीच म्हणून समज." तेव्हा हसा आता. दात दिसू द्या, विचकू नका.

मला मात्र त्यांनी कामाला लावलं आहे. मुख्य देणगीदाराला मानपत्र द्यायचं आहे, ते मी लिहायचं. कोण आहेत, विचारलं, तर "मोठे व्यापारी आहेत, दानशूर वगैरे लिही." मग काय, दानशूर, उदारधी, कलाकल्पतरू अशी समासांची आतषबाजी करून पाठवली. माणूस न पाहता स्तुती लिहिणं सोपं जातं. पाहिला की हात अडखळतो.

तुमचं पत्र लेकीला मोठ्याने वाचून दाखवत होते. "मग दबतं ते हाड" इथपर्यंत आले, तर ती उठली आणि बाळाचे कपडे घड्या घालायला गेली. ते आधीच घड्या घातलेले होते. बाळंतपणात बायका हळव्या होतात, दुसरं काय. एके काळची तुमची लाडकी शिष्या, नाच सोडला तरी गुरूचा आवाज कागदातूनही ऐकू येत असणार.

बाळ छान आहे. क्रोध त्यालाही येतो, पण दूध दिलं की जातो. तुमच्यावर काय उपाय करावा, हे ग्रंथांत सापडलेलं नाही.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

तू जादूगार आहेस. दादा हल्ली माझ्याशी गोड बोलतो.

मी पण सगळ्याला हो म्हटलं आहे. पोरींनी साजशृंगार करून दारात फुलं घेऊन उभं राहायचं? हो. देणगीदारांबरोबर फोटो? हो. मानपत्र मी स्वतः वाचून दाखवायचं? तेही हो. काय लिहिलं आहेस गं! कलाकल्पतरू! वाचताना मला त्या अनोळखी माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

सुताराकडे जाऊन फळ्या पाहून आले. त्याने एक फळी जमिनीवर टाकून दिली, म्हणाला, "बाई, नाचून बघा." मी त्याच्या दुकानात, भुशात, साडी खोचून पाय आपटले. गुडघा बोलला नाही, वहिनी. शप्पथ. मी तिथेच रडणार होते, पण सुतारासमोर कसं रडायचं? म्हणून फळीत खोट काढली.

दादाला म्हटलं, सुताराला पक्कं सांगू ना? तर म्हणाला, "थांब जरा, जेवण होऊ दे." बरोबर आहे म्हणा. हातात आल्यावरच सांगावं.

घाईत आहे. पोरींची वेणी-फुलं व्हायची आहेत.

तुझी,
हसरी नणंद (दात दिसतायत)


२ मार्च

वहिनी,

एक प्रश्न आहे आणि मला एका शब्दात उत्तर हवं आहे. पण तो शेवटी विचारते, कारण आधी विचारला तर हा कागद फाटेल.

सगळं छान चाललं होतं. पोरी नाचल्या, लोक भुकेले होते, नजर हलत नव्हती. मी कडेला ताल द्यायची काठी आणि ठोकळा घेऊन बसले होते. शेवटचा नाच राहिला असताना दादा माइकवर आला. म्हणाला, आता आजचा आनंदाचा क्षण. मुख्य देणगीदार वर आले. फरशीसम्राट. हे नाव मी ठेवलेलं नाही, त्यांनीच दुकानाच्या पाटीवर लिहून घेतलं आहे. मंचावर मखमली कापडाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. मला वाटलं फळी असेल. खरंच वाटलं गं! दादाने कापड ओढलं.

फरशी. आरशासारखी चकचकीत. आणि तिच्या मधोमध आपलं बोधचिन्ह, नाचणारा देव, रंगीत छापलेला. अख्ख्या गोदामभर अशा फरश्या बसवून देणार, फुकट! म्हणजे पोरींनी रोज संध्याकाळी देवाच्या तोंडावर लाथा मारायच्या, आणि देवाने त्या त्यांच्या हाडांत परत पाठवायच्या. समितीत एवढी शिकलेली माणसं, एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. आणि दादा माइकवर म्हणतो, "लाकडाचं काय, आज आहे, उद्या वाळवी. फरशी पिढ्यान्‌पिढ्या टिकते!"

टाळ्या. उभं राहून टाळ्या.

मला हाक मारली, मानपत्र वाचा. मी उठले. एका हातात तुझा कल्पतरू, दुसऱ्या हातात काठी. मी म्हटलं, "शेठ, माझ्या काठीखालीसुद्धा लाकडाचा ठोकळा आहे, काठी मोडू नये म्हणून. मग पोरींच्या पायांखाली दगड का?"

तो हसला. "बाई, अजिबात काळजी करू नका. आमची फरशी मोडत नाही. गॅरंटी आहे!"

मी म्हटलं, "फरशी मोडेल असं मी म्हटलंच नाही. तुम्ही बूट काढा आणि पाय आपटून बघा."

मला वाटलं, कळेल. काढले की बूट! मोजेसुद्धा. आणि त्या देवावर उभा राहून लागला नाचायला. लोकांनी ठेका धरला. पोट हलतंय, टाय उडतोय, शिट्ट्या वाजतायत. थांबला तेव्हा घामाघूम, खुशीत. "काही झालं नाही बघा!" एका मिनिटाने काय होणार? मी वर्षांबद्दल बोलत होते, तो मिनिटाबद्दल. दादा माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "हस."

मानपत्र मी वाचलं नाही. घडी करून ठोकळ्याखाली ठेवलं आणि पोरींना खूण केली, या. शेवटचा नाच. त्या आल्या. जमिनीला हात लावून डोळ्यांना लावले. तू पाहिलं आहेस किती वेळा; आता तुला आम्ही तुडवणार, माफ कर, म्हणून जमिनीला सांगायचं असतं. सांगून झालं. त्या अर्ध्या बसल्या, माझ्या काठीची वाट पाहत. मी काठी ठोकळ्यावर आडवी ठेवली. म्हटलं, "चला." आणि आम्ही सगळ्या मंचावरून उतरून गेलो. माफी मागितली होती, मारलं नाही.

आणि तुला सांगू, काय झालं? सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. सूप पिताना एक बाई मला शोधत आल्या, "ती शेवटची रचना काय सुंदर हो! किती संयत!" मी त्यांचं सूप त्यांच्या डोक्यावर ओतलं नाही, याबद्दल मला मानपत्र दे.

दुसऱ्या दिवशी समितीची चिठ्ठी. मी शेठजींची माफी मागावी, नाहीतर संस्था दुसरी शिक्षिका शोधेल. संस्थेचं नाव समितीचं, गोदाम समितीचं. माझं काय? काठी. खाली सही दादाची. सख्ख्या भावाची.

आता प्रश्न. "जमिनीची सोय झाली" हे तूच मला लिहिलं होतंस. हसा म्हणालीस. तुला ठाऊक होतं का?

— नणंद


१० मार्च

वन्सं,

नाही.

हे झालं एका शब्दातलं. आता बाकीचं. या पत्रात विनोद सापडला तर तो सवयीने झाला असं समजा.

तुमचं पत्र आलं तेव्हा लेक बाळाला पाजत होती. मी मनातच वाचत होते. ती म्हणाली, "मोठ्याने वाच." मी म्हटलं, तुला त्रास होतो. ती म्हणाली, "म्हणूनच." वाचलं. "पिढ्यान्‌पिढ्या" आलं, तशी ती म्हणाली, "बाबा असं म्हणाले? बाबा?" आणि मग जे सांगितलं, ते तुम्हाला जसंच्या तसं लिहिते.

तिने नाच सोडला, तो मन उडालं म्हणून नव्हे. नडगीच्या हाडांना तडे गेले होते. दोन्ही पायांच्या. तिचे वडील तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते, एकटे. फोटो काढला, डॉक्टरांनी त्यांना बोट ठेवून दाखवलं आणि विचारलं, "मुलगी कसल्या जमिनीवर नाचते?" बाहेर आल्यावर ते तिला म्हणाले, "घरी बोलू नकोस. आत्याला वाईट वाटेल, संस्थेचं नाव जाईल. आपण सांगू, अभ्यास वाढला." आणि ही गप्प बसली. बापाने सांगितलं म्हणून. घरात तिला सगळे आरंभशूर म्हणत राहिले, आणि तेही म्हणत राहिले, वन्सं. तेही! जेवताना, पाहुण्यांसमोर, हसून.

म्हणजे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्या हॉलमध्ये एवढी माणसं टाळ्या वाजवत होती, त्यातल्या एकाच माणसाने सिमेंटवर मोडलेलं हाड डोळ्यांनी पाहिलं होतं. माइक त्याच्याच हातात होता.

मी फोन केला. म्हटलं, "फरशी कोणी मागितली?" म्हणाले, "शेठ स्वतःहून देत होते." म्हटलं, "कोणी मागितली?" मग म्हणाले, "मीच सुचवलं. लाकडासाठी दहा जणांच्या दारात जावं लागलं असतं. हे एका फोनवर झालं. आणि दिसतं किती छान!"

मी म्हटलं, "लेकीच्या पायांचा फोटो तुम्ही पाहिला होता."

मग म्हणाले, "ते जुनं झालं. अगं, फरशी पिढ्यान्‌पिढ्या टिकते."

मी म्हटलं, "फरशी टिकेल हो. पिढ्या टिकायला नकोत?"

हे मी इतक्या जोरात म्हटलं की बाळ दचकून उठलं. यापुढे तुमच्या आवाजाला नावं ठेवणार नाही.

तुम्हाला मी रौद्र रसावर व्याख्यान दिलं होतं. ते परत घेते. मला वाटायचं, क्रोध म्हणजे आगीसारखा काहीतरी. तसा नसतो. फार गार असतो. मी त्या फोननंतर बाळाचे लंगोट धुतले, स्वयंपाक केला, जावयांना वाढलं.

मग दोन कागद लिहिले. पहिला समितीला. मानपत्राची लेखिका या नात्याने ते मी मागे घेते, त्यातला एकही शब्द कुठे छापू नये, कोरू नये, आणि फरशीवर तर मुळीच नाही. समितीत माझे दोन विद्यार्थी आहेत. बाईंचं अक्षर पाहून ते अजूनही खुर्चीतून उठून उभे राहतात, हे मला ठाऊक आहे.

दुसरा कागद सोबत जोडला आहे. तो तुमच्या भावाला द्या. वाचून दाखवा, चष्मा सापडत नाही म्हणतील. त्यात एवढंच आहे की माडीवरची लाकडी खोली उद्यापासून नृत्याच्या वर्गाची. पलंग, आरामखुर्ची आणि पाहुण्यांना दाखवायच्या वस्तू खाली आणाव्यात. महाराजांनी खालच्या खोलीत झोपावं. तिथे फरशी आहे, टिकाऊ आहे. घर कोणाच्या नावावर आहे याची आठवण मी आयुष्यात कधी काढली नव्हती. आता काढली आहे.

माफी मागू नका. कोणाचीही. फक्त जमिनीची मागा, रोजच्यासारखी.

लेक म्हणते, खोलीतला खिडकीजवळचा कोपरा तिच्यासाठी ठेवा. नाचायला नाही, बसून बघायला. मग म्हणाली, "बाबा खाली असतील ना?" मी म्हटलं, असतील. म्हणाली, "मग थोडं नाचेन."

तुमची,
वहिनी


२८ मार्च

वहिनी,

सुरुवात वाईट बातमीने करते, म्हणजे शेवट माझ्या मनासारखा करता येईल.

गोदामात फरश्या बसल्या. पाटी लागली. नवी शिक्षिका आली. तरुण आहे, गोड आहे, गुडघे अजून नवे आहेत. माझ्या निम्म्या पोरी तिकडे गेल्या. त्यांच्या आयांना दोष देत नाही; तिकडे वाहन लावायला जागा आहे, आरसे आहेत, नाव आहे. एक आई मात्र मला म्हणाली, "बाई, तुम्ही जरा जास्तच ताणलंत." मी म्हटलं, "हो. हाड तुटायची वाट पाहिली नाही." तिला कळलं नाही. कळेल. ते तिला कळू नये, अशी मी रोज प्रार्थना करते, आणि मग मला परत राग येतो. देवाचं चित्र मात्र काढलं म्हणे, तुझ्या दोन विद्यार्थ्यांनी अडवलं. देव सुटला. पोरी राहिल्या.

आता आपली गोष्ट. तुझा कागद घेऊन घरी गेले. दादा म्हणाला, "चष्मा सापडत नाहीये." मी वाचून दाखवला. मध्ये दोनदा म्हणाला, "अगं पण," आणि दोन्ही वेळा मी पुढची ओळ वाचली. लेकीच्या पायांबद्दल मी विचारलं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तुला वाईट वाटलं असतं." वहिनी, मी त्याची धाकटी बहीण. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मारावंसं वाटलं. मारलं नाही. पलंगाचं एक टोक धरलं आणि म्हटलं, "तू दुसरं धर."

जिन्यात तो पलंग अडकला. तो वर, मी खाली, मध्ये पलंग. तिथे तो म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "काही नाही. टाळ्या वाजवतील. ते सगळ्यालाच वाजवतात."

पहिला वर्ग काल झाला. राहिलेल्या पोरी आल्या, चपला खाली काढून. त्या सुताराला बोलावून फळ्या तपासून घेतल्या होत्या. तो वाकून, हात फिरवून म्हणाला, "वाळवीचं नाव नाही, बाई." हे मी मुद्दाम जिन्यात उभी राहून त्याला मोठ्याने परत म्हणायला लावलं.

पोरी ओळीने उभ्या राहिल्या. जमिनीला हात लावून डोळ्यांना लावले. अर्ध्या बसल्या. मंचावरच्या त्या दिवसासारख्याच माझ्याकडे बघत राहिल्या, काठी पडते की आडवी होते. मी ठोकळ्यावर काठी हाणली. आणि त्यांनी मारलं. काय मारलं, वहिनी! खाली कपाटातल्या बश्या वाजल्या. खिडकीजवळचा कोपरा मोकळा ठेवला आहे.

थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. दादा. हातात चहाचा कप, अर्धा बशीत सांडलेला. दारातच थांबला, आत आला नाही. चप्पल काढायची सवय त्यानेच लावली होती ना, आणि खालच्या फरशीवर टाचा दुखतात म्हणून आता त्याच्या पायात सदा चप्पल असते.

म्हणाला, "हे असं किती दिवस चालणार?"

मी काठी थांबवली नाही.

"पिढ्यान्‌पिढ्या," म्हटलं.

तुझी,
नणंद